टोपीवाला आणि द्वारकामावशींची घागर

“रडणाऱ्या लेकराकडं दमानं गेलीस तरी चालतंय. गप्प झालेल्याकडं मात्र पळत जायचं.”

द्वारकामावशींनी मला हे बजावलं तेव्हा मी बाळंतपणाहून गारखेड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये नुकतीच परतले होते आणि मोबाइलमध्ये बाळ सांभाळण्याची ॲप उतरवून घेतली होती. एका ॲपमध्ये लेकराच्या रडण्याचे प्रकार रंगांनुसार दिले होते. भुकेचं पिवळं, पोटदुखीचं लाल, कंटाळ्याचं निळं. गप्प बसण्याला रंगच नव्हता. ज्याला रंग नाही त्याची काळजी करण्याचं कारण नाही, असं माझं एम. ए.पर्यंतचं शिक्षण मला सांगत होतं. मी “हो हो, मावशी” म्हटलं आणि दार लावून घेतलं.

मावशी तळमजल्यावर एकट्या राहतात आणि आम्ही बरोबर त्यांच्या डोक्यावर. मूळच्या सोयगावच्या. तिकडे शेत आहे, भावकी आहे, भावकीशी चालू असलेली भांडणं आहेत. मुलगा गोकुळ पुण्याला असतो, पण फ्लॅट त्यानं इथं घेतला. मावशी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी शहरात आल्या. डोळा बरा झाला. मग त्या डोळ्याला बिल्डिंगमध्ये जे जे काही चुकीचं दिसलं ते सुधारण्यासाठी त्या इथंच राहिल्या. काम मोठं असल्यामुळे ते अजून संपलेलं नाही.

आमच्या मुलीचं नाव संस्कृती. (नाव सासूबाईंनी ठेवलं. “संस्कृतीनं आज चप्पल चाटली” यांसारखी वाक्यं घरात रोज बोलावी लागतील, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.) तर या संस्कृतीचा आवाज जरा वेळ आला नाही की मावशी जिना चढून येत. बेल वाजे. बेलनं संस्कृती उठे. संस्कृती रडे. मग मावशी समाधानानं म्हणत, “हां, आता बरं हाय,” आणि निघून जात. मंदार, म्हणजे माझा नवरा, हे ऐकून हसायचा. हसायला त्याचं काय जातं? तो वाळूजला कंपनीत असायचा.

आता सिनेमाकडे येते.

कॉलेजात आम्हाला करुणा मॅडम सिनेमाचा रसास्वाद शिकवायच्या. त्या एक वाक्य नेहमी म्हणत, “उजेड कुठं पडलाय ते कुणालाही दिसतं. अंधार कुठं ठेवलाय ते बघा.” आम्ही ते वहीत लिहून घेतलं, परीक्षेत लिहिलं आणि विसरलो. मुलगी झाल्यावर मला मॅडमची खरी आठवण आली, ती एका अत्यंत व्यावहारिक कारणासाठी. दुपारी पडदे ओढून, कूलर लावून, संस्कृतीला मांडीवर झोपवून मी मोबाइलवर काहीबाही बघायचे. रंगीत सिनेमा लावला की पडद्याचा लाल-हिरवा भपका तिच्या तोंडावर पडायचा आणि ती उठायची. एकदा चुकून एक जुना कृष्णधवल इंग्रजी गुन्हेगारीपट लागला. सगळीकडे काळोख, मध्येच एखादा दिवा, माणसं हळू बोलणारी, भांडणंसुद्धा कुजबुजत. संस्कृती दुपारभर झोपली. लहान मूल असलेल्या बाईसाठी याहून योग्य कलाप्रकार जगात निघालेला नाही, हे मी इथं जबाबदारीनं नमूद करते.

सिनेमाचं नाव मी सांगणार नाही. नाव सांगितलं की शेवट सांगणारा माणूस प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतोच. गोष्ट एवढीच, की एका घड्याळजीचा त्याच्याच दुकानात खून झालाय आणि त्याची विधवा एका कडक टोपीवाल्या गुप्तहेराकडे येते. गुप्तहेराचं भाडं थकलंय, कोटाचं बटण तुटलंय, पण टोपी अशी की तिच्याखाली अर्धा चेहरा कायम अंधारात. एक भागीदार, एक दीर, हॉटेलात गाणारी एक बाई. प्रत्येकजण खोटं बोलतो आणि इतकं सुंदर बोलतो की ऐकत राहावं. खिडकीच्या पट्ट्यांमधून उजेड येतो आणि विधवेच्या तोंडावर आडव्या रेघा पडतात. एका दृश्यात ती बाई जिना उतरते, आणि तिच्याआधी तिची सावली उतरते. तेवढंच. पण ते मी एका हातानं दूध पाजत पुन्हापुन्हा बघितलं. एवढ्या काळजीपूर्वक कुणीतरी अंधार मांडून ठेवलाय, आणि मी मात्र जेवणाच्या टेबलावरचा पसारासुद्धा आवरू शकत नाही, या विचारानं मला रडू आलं. ॲपमध्ये या रडण्याचा रंग दिलेला नव्हता.

त्याच क्षणी बेल वाजली.

“लेकरू गप कामून हाय?” मावशी आत आल्या. “आन् तू अंधारात बसून रडायलीस व्हय? भांडण झालं का नवऱ्यासंगं?”

“नाही मावशी, सिनेमा बघतेय.”

“असला कसला रडवा सिनेमा?” त्या टेकल्या. मोबाइल हातात घेऊन डोळ्यापासून लांब धरला, जवळ धरला. “कोण मेलंय?”

“घड्याळजी.”

“आन् ही बाई?”

“त्याची बायको.”

मावशींनी विधवेकडे निरखून बघितलं. “हिनंच मारला. मेलेल्याच्या घरची बाई एवढी नीट केस विंचरून येती का कुटं?”

मग टोपीवाला आला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. “नाय नाय. ह्यानं मारला. घरात आला तरी टोपी काढंना. टकल्याला तरी काहीतरी लपवायचं असतंय, ह्याचे तर कानापाशी केस दिसायलेत.”

त्या दिवशी मावशी उशिरापर्यंत बसल्या. इंग्रजी मी मराठीत करून सांगायची, आणि त्यावर त्या निकाल द्यायच्या. पण मोबाइल लहान, डोळा एकच ऑपरेशन केलेला. शेवटी त्या वैतागल्या. “येवढ्याशा डबीत माणसाचं तोंड कळंना. भिताडावर मोठा करून लाव की. सगळ्यांनाच दाव.”

आणि मी, जिला संस्कृतीचं तापमान मोजल्याशिवाय खाली दूध आणायला जायचा धीर होत नाही, त्या मी उत्साहाच्या भरात हो म्हटलं.

सार्वजनिक कार्यात पहिलं पाऊल म्हणजे अनंतराव. हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. खात्यानं त्यांना सोडलं, त्यांनी खात्याला सोडलं नाही. पार्किंगच्या भिंतीवर सिनेमा दाखवायचाय म्हटल्यावर ते म्हणाले, “अर्ज द्या.” मी अर्ज दिला. त्यांनी तो चष्मा कपाळावर ढकलून वाचला.

“‘विषय: कृष्णधवल गुन्हेगारी चित्रपट दाखवणेबाबत.’ सूनबाई, ‘गुन्हेगारी’ हा शब्द सोसायटीच्या दप्तरी जाणं बरं दिसत नाही. ‘कौटुंबिक’ लिहा.”

“काका, पण त्यात खून आहे.”

“कुणाचा?”

“नवऱ्याचा.”

“मग कौटुंबिकच झालं.”

मी ‘कौटुंबिक’ लिहून दुसरी प्रत जोडली. मग त्यांनी विचारलं, धूम्रपान आहे का? मी खरं सांगितलं. सिनेमात सगळेच सिगारेट ओढतात. डॉक्टर ओढतो, पोलीस ओढतो, मरायला टेकलेला माणूससुद्धा आधी सिगारेट पेटवून घेतो. अनंतराव गंभीर झाले. मग थिएटरमध्ये असते तशी खाली सूचना पाहिजे. सूचना आणायची कुठून? तर त्यांनी ती जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली. पडद्यावर सिगारेट दिसली की ते उभे राहून सूचना देणार. तसा ठरावच झाला.

प्रोजेक्टर मोनिकाचा. मोनिका दुसऱ्या मजल्यावर राहते आणि क्रांती चौकाजवळ दहावीचे क्लास घेते. तिनं आनंदानं दिला, पण तिच्या मते सिनेमा चुकीचा होता. “ताई, यात गाणी नाहीत? मग पब्लिक बोअर होईल ना यार. निदान मध्ये एक क्विझ घेऊ.” बाकी सल्ले जिन्यात मिळत गेले. पडद्यासाठी चादर पांढरी हवी, पण मळकट पांढरी नको. चादर मावशींनी दिली, तिच्या कडेला गुलाबाची फुलं भरलेली होती, त्यामुळे पुढे सिनेमातलं सगळं खुनी शहर एका बागेत वसल्यासारखं दिसलं. मंदार म्हणाला, “तू आराम कर, वायरिंग मी बघतो.” या वाक्यानं मला आजवर कधीही आराम मिळालेला नाही. प्रोजेक्टर पहिल्यांदा लावला तेव्हा माणसं उलटी, डोकं खाली पाय वर. मावशी म्हणाल्या, “आसू दे आसू दे, टोपी पडती का बघू.”

संध्याकाळी अंधार पडला आणि सिनेमा सुरू झाला. उन्हाळ्याचे दिवस, प्रत्येकाच्या खिडकीत कूलर घरघरतोय, खाली सतरंज्या, संस्कृती माझ्या कडेवर टक्क जागी. मी एका हातात माइकसारखा मोबाइल धरून भाषांतर करत होते.

पडद्यावर टोपीवाल्यानं काडी ओढली. अनंतराव उभे राहिले. “धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे.” बसले. विधवेनं सिगारेट घेतली. उभे राहिले. “धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे.” भागीदार आला, तोही पेटवत आला. गाणाऱ्या बाईनं तर लांब दांडीत खोचून पेटवली. मध्यंतरापर्यंत काकांचा आवाज बसला. त्यांच्या सौभाग्यवतींनी, उमाकाकूंनी, त्यांना आल्याचा चहा आणून दिला आणि म्हणाल्या, “अहो, आता नुसता हात वर करा, समजेल सगळ्यांना.” पुढचा सिनेमा आम्ही काकांचा हात वरखाली होताना बघितला.

पण सांगते, सिनेमा लागला! मी घाबरत होते, लोक उठून जातील म्हणून. कुणी उठलं नाही. विधवा आणि टोपीवाला समोरासमोर बसलेले, बाहेर पाऊस, मध्ये एक दिवा.

“काय म्हणायलाय तो?” मावशी.

“म्हणतोय, तुझं खोटं मला खऱ्यापेक्षा आवडतं.”

 मावशी हळूच म्हणाल्या, “आमचे मालक असं कधी नाय बोलले. ते खरं बी बोलत नव्हते आन् खोटं बी. नुसतं ‘हूं’.” सतरंजीवर हशा झाला, पण मला त्यांचा चेहरा दिसला. गुलाबाच्या चादरीवरून परतलेला उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता, आणि त्या एखाद्या तरुण मुलीसारख्या पडद्याकडे बघत होत्या.

टोपीवाला शेवटी सगळ्यांना घड्याळाच्या दुकानात गोळा करतो. सगळी घड्याळं बंद. तो हळूहळू टोपी काढतो. पहिल्यांदाच! मावशी गुडघ्यावर उठून बसल्या. तो तोंड उघडतो...

“नळ आलेऽऽ!”

आमच्या शहरातल्या माणसाला या हाकेचा अर्थ सांगायची गरज नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. महापालिकेचं पाणी आमच्याकडे काही दिवसांच्या अंतरानं येतं. कधी येईल ते ठरलेलं असतं, पण येतं मात्र स्वतःच्या मनानं. वापराचं हौदात पडतं, पण पिण्याचं पार्किंगमधल्या नळावरून ज्यानं त्यानं भरून न्यायचं. त्या दिवशी ते चक्क आदल्या संध्याकाळीच आलं. खुनी कोण हे जाणून घ्यायला जगात कुणालाही आवडेल, पण पाण्यापुढे खुनी म्हणजे काय चीज आहे! एका क्षणात सतरंज्या रिकाम्या झाल्या. बादल्या, ड्रम, कॅन, पातेली. कुणाचीतरी कळशी मंदारच्या वायरिंगवर सांडली, ठिणगी उडाली, टोपीवाला तोंड उघडं ठेवून विझला.

एकट्या मावशी जागेवर बसून होत्या. “आरं थांबा की! त्यो सांगायलाय!”

नळावर पहिला नंबर नेहमी मावशींचा. तो त्यांनी भांडून, वर्षानुवर्षं भांडून मिळवलेला. त्यांची तांब्याची घागर सोयगावहून आलेली, सासूची. ती नळाखाली सगळ्यात आधी लागायची, आणि तिला कुणाचा पाय लागला तर त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. त्या संध्याकाळी सिनेमाच्या नादात त्यांचा नंबर गेला. मोनिकाचे कॅन आधी लागले. मावशी घागर घेऊन पोचल्या तेव्हा नळाची धार करंगळीएवढी झाली होती.

मग जे झालं ते मी लिहीत नाही. मोनिका “आजी, फर्स्ट कम फर्स्ट सर्व्ह” म्हणाली, हे इंग्रजी होतं आणि तेच तिला भोवलं. मावशींनी मोनिकाला, अनंतरावांना, महापालिकेला आणि शेवटी मला सुनावलं. “तूच बसवलंस मला! अर्ध्यात सोडलास सिनेमा, पाणी बी गेलं आन् खुनी बी गेला!” आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मी म्हटलं होतं, उद्याच मोबाइलवर शेवट दाखवते. पण दुसऱ्या दिवशी संस्कृतीला ताप आला, मग मला सर्दी झाली, आणि मग मावशी वर यायच्याच बंद झाल्या. संस्कृती दुपारभर झोपली तरी बेल वाजेना. पहिले दोन दिवस, खोटं कशाला बोलू, मला स्वर्ग वाटला. मग मला स्वतःहून दार उघडून जिन्यात डोकवायची सवय लागली. खाली त्या कुंड्यांना पाणी घालताना दिसायच्या. मी “मावशी” म्हटलं की तोंड फिरवायच्या.

“रुसल्यात,” उमाकाकू म्हणाल्या. “रुसू द्या. बिल्डिंगला जरा शांतता.”

पुढच्या पाण्याच्या आदल्या संध्याकाळी मावशींनी नंबर पुन्हा घेण्यासाठी घागर आधीच नेऊन नळाखाली ठेवली. हे मी वरून बघितलं. घागर ठेवली, तिच्या कडेवरून हात फिरवला आणि आत गेल्या.

सकाळी नळ आले. सगळे जमले. मी संस्कृतीला कडेवर घेऊन रांगेत उभी. घागर पहिल्या जागी, पण मावशी नाहीत. धार सुरू झाली. मोनिकाला क्लासला उशीर होत होता, तिनं इकडेतिकडे बघितलं आणि पायानं घागर बाजूला सरकवली.

पायानं. सोयगावची, सासूची घागर.

घागर फरशीवरून खरखरत गेली. मी डोळे मिटून घेतले, आता दार उघडणार, आता सुरू होणार. काहीच झालं नाही. धारेचा आवाज, कूलरची घरघर, आणि त्यामागे... काहीच नाही. “आज किती शिस्तीत पाणी भरतायत सगळे,” अनंतराव कौतुकानं म्हणाले. त्यांचा आवाज अजून बसलेलाच होता.

 मला एकदम करुणा मॅडम दिसल्या, फळ्यासमोर. अंधार कुठं ठेवलाय ते बघा. आणि मागोमाग मावशी, माझ्याच दारात. गप्प झालेल्याकडं पळत जायचं.

मी पळाले. संस्कृतीसकट. चार पावलांवर दार, पण पळाले.

बेल वाजवली. एकदा, दोनदा, मग बोट काढलंच नाही. आतून फक्त कूलरचा आवाज. बाकीचे बादल्या घेऊन मागे जमले. माझं म्हणणं, दार तोडा. अनंतराव म्हणाले, “दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान आहे. गोकुळला फोन लावा, त्याची लेखी नाही तर निदान तोंडी संमती...” गोकुळचा फोन लागेना. मंदारनं कुलुपवाल्याला फोन लावला, तो म्हणाला पाणी भरून येतो. उमाकाकू म्हणाल्या, गावाला गेल्या असतील. मी ओरडले, “घागर ठेवून?” असं मी कुणावर कधी ओरडले नव्हते. मी ओरडल्याबरोबर संस्कृतीही ओरडली, म्हणजे आमचं म्हणणं एकमताचं झालं.

मी कडीला हात घालणार, तोच मोनिकानं माझा हात पकडला. “ताई, थांब! हात लावू नको! ठसे!” तिचे डोळे मोठे झाले होते. सिनेमात टोपीवाला रुमालानं दार उघडतो, ते तिच्या मनात पक्कं बसलं होतं. आणि लाज वाटते सांगायला, ते आम्हा सगळ्यांनाच पटलं. सुशिक्षित, पगारदार, कर भरणारी माणसं त्या दारापासून हातभर मागे सरकून उभी राहिली. जणू दारच संशयित होतं.

मला थांबवेना. संस्कृतीला मंदारकडे दिलं आणि मी बिल्डिंगच्या मागच्या बोळात शिरले. तिथं पाइप, शेवाळं आणि कुणाकुणाचे वरून पडलेले मोजे. मावशींच्या न्हाणीच्या खिडकीला काचेच्या पट्ट्या आहेत. मी दोन विटांवर चढून पट्ट्यांतून बघितलं. आत उजेडाच्या आडव्या रेघा पडल्या होत्या, अगदी तशाच. आणि त्या रेघांखाली फरशीवर एक हात. सुरकुतलेला, वयस्क हात. बाजूला उपडा तांब्या. सिनेमात हे इतकं सुंदर दिसतं. प्रत्यक्षात मी पट्टी घट्ट धरली आणि ओरडले.

“मावशी!”

हात हलला.

“मावशीऽऽ!”

“वरडू नको,” आतून बारीक, कोरडा आवाज आला. “काल सांजच्यापासून तांब्या बडवायलेय. त्या कूलरच्या आवाजात कुनाला ऐकू जाईना. पाय गेला माझा.”

“आम्ही दार तोडतोय मावशी, घाबरू नका! कुलुपवाला येतोय!”

 मग त्या क्षीण, पण सगळ्या बिल्डिंगला ओळखीच्या सुरात म्हणाल्या, “कशाला तोडता, बावळटांनो? दार नुसतं लोटलंय. कडी लावायला झालंच कुठं?”

मी धावत पुढे आले. सगळे दारासमोर उभे होतेच, संमतीची, कुलुपवाल्याची आणि ठशांची वाट बघत. मी दार ढकललं. ते उघडलं. अनंतरावांनी हळूच चष्मा पुसायला घेतला.

पण पुढे तेच काका कामाला आले, हेही लिहायला हवं. घशात आवाज नसताना त्यांनी ॲम्ब्युलन्सवाल्याला पत्ता असा काही सांगितला की ती न चुकता आली. मोनिकानं क्लास सोडला आणि मावशींचं डोकं मांडीवर घेऊन बसली, चमच्यानं पाणी पाजत. तिच्याच कॅनमधलं. उमाकाकूंनी संस्कृतीला घेतलं, आणि कधी नव्हे ते मी तिचं तापमान न मोजता निघाले.

ॲम्ब्युलन्समधला माणूस म्हणाला, “ताई, यांना बोलतं ठेवा. डोळे मिटू देऊ नका.” मावशींचे डोळे मिटायलाच लागले होते. काय बोलायचं? मी रामरक्षा सुरू केली, त्यांनी ती ऐकूनच घेतली नाही. मग ओठ हलले.

“खुनी... कोन होता गं?”

“सांगणार नाही.”

डोळे उघडले. “आं?”

“दवाखान्यात पोचल्यावर सांगीन. आधी तुम्ही सांगा, तुम्हाला कोण वाटतं.”

“ती... केसवाली बाई.”

“नाही.”

“दीर. दीर असतेतच तसले.”

“कशावरून?”

मग त्यांनी सोयगावच्या त्यांच्या धाकट्या दिराची अख्खी हकिगत सांगायला घेतली, बांध कोरण्यापासून. अर्ध्यात डोळे मिटू लागले की मी म्हणायची, “मग भागीदार का नाही?” आणि त्या चिडून पुन्हा जाग्या व्हायच्या. असा तो रस्ता संपला. मी आयुष्यात कधी कुणाला इतका वेळ, इतक्या प्रेमानं छळलेलं नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पाण्यावाचून अंगात काही उरलं नव्हतं, आणखी उशीर झाला असता तर... ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही आणि मीही करत नाही. गोकुळ पुण्याहून आला, माझ्या पायाच पडायला लागला. मी त्याला म्हटलं, “माझ्या नको, घागरीच्या पड.”

मावशी उठून बसायला लागल्या तेव्हा दुपारी मी मोबाइल घेऊन गेले. वॉर्डातल्या शेजारच्या खाटांवरच्या बायाही माना लांब करून आल्या. टोपीवाल्यानं टोपी काढली. तोंड उघडलं. या वेळी नळ आले नाहीत. तो हळू आवाजात सांगत गेला, मी मराठीत करत गेले, आणि खुन्याच्या तोंडावर आडव्या रेघा पडल्या. शेवटी टोपीवाला एकटाच ओल्या रस्त्यानं निघून जातो. काही मिळत नाही त्याला. पण जाता जाता तो दुकानातलं एक बंद घड्याळ चालू करून जातो.

 मग मावशींनी नाक ओढलं. “मी म्हनलं नव्हतं? तोच!”

खरं सांगायचं तर त्यांनी सिनेमातल्या एकूण एक माणसावर आळ घेऊन झाला होता, त्यामुळे त्या बरोबर येणारच होत्या. पण मी म्हटलं, “हो मावशी. तुम्हीच म्हणाला होतात.” काही खोटं खऱ्यापेक्षा आवडतं.

मी कृतज्ञ आहे. कुणाकुणाची, ते एका दमात सांगता येणार नाही. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी परक्या देशात कुणीतरी एक दिवा कलता ठेवला, त्याची. करुणा मॅडमची. नळाची, तो वेळेवर न आल्याबद्दलही. घागरीची. आणि त्या बाईची, जी माझ्या मुलीच्या गप्प बसण्यानं घाबरून जिना चढून यायची आणि मी जिला दारातून परत पाठवायला बघायची.

मावशी आता काठी घेऊन चालतात. जिना चढता येत नाही, म्हणून खालून काठीनं छतावर ठोकतात. म्हणजे आमच्या फरशीवर. मी संस्कृतीला उठवते, ती रडते, खालून आवाज येतो, “हां, आता बरं हाय.” नळावर त्यांचा नंबर पहिला. मोनिकाच घागर भरून देते आणि दर वेळी शिव्या खाते, कारण ती काठोकाठ भरत नाही.

हे वाचून झालं की एक काम करा. तुमच्या बिल्डिंगमध्ये, गल्लीत, सगळ्यात जास्त भांडणारं जे कुणी असेल ना, ज्यांच्या आवाजाला तुम्ही कंटाळलायत, ते आज भांडले का, आठवून बघा. नसतील भांडले, तर हे बाजूला ठेवा आणि आत्ताच जा. बेल वाजवा. आणि तिथंच विचार करत उभे राहू नका, आधी दार ढकलून बघा.